इलेक्ट्रॉनचे गुरुत्वीय आकारगुणक : एका कणाच्या वजनाचा हिशेब

इलेक्ट्रॉन हा मूलभूत कण मानला जातो. त्याला अंतर्गत रचना असल्याचे आजवरच्या कोणत्याही प्रयोगात आढळलेले नाही. मात्र इलेक्ट्रॉनला विद्युतप्रभार आहे आणि या प्रभाराचे क्षेत्र त्याच्या सभोवती दूरवर पसरलेले असते. या क्षेत्रात ऊर्जा असते आणि जिथे ऊर्जा असते तिथे गुरुत्वाकर्षणाचा प्रभावही असतो. त्यामुळे इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानापैकी किती वाटा कणाचा आणि किती वाटा क्षेत्राचा, तसेच या क्षेत्रातील दाब आणि ताण कसे विभागलेले असतात, हे प्रश्न उपस्थित होतात. त्यांची उत्तरे ज्या राशींमधून मिळतात त्यांना गुरुत्वीय आकारगुणक किंवा ग्रॅव्हिटेशनल फॉर्म फॅक्टर असे म्हणतात.

प्रोटॉनच्या अंतर्भागातील दाबाचा अंदाज २०१८ साली प्रयोगाच्या आधारे प्रसिद्ध झाला. तेव्हापासून या विषयाला विशेष महत्त्व आले आहे. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत हे गुणक पुंज विद्युतगतिकी, म्हणजेच क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्स या सिद्धांतावरून थेट गणिताने काढता येतात. त्या गणितात दोन गुणकांची उत्तरे निसर्गनियमांनी बांधलेली आढळतात, तर तिसऱ्याचे उत्तर अनंताकडे जाते. हे अनंत कोठून येते आणि त्याचा अर्थ काय, हा या विषयातील कळीचा मुद्दा आहे.

आकारगुणक म्हणजे काय?

अतिसूक्ष्म वस्तूचा आकार डोळ्यांनी किंवा सूक्ष्मदर्शकाने पाहता येत नाही. त्यासाठी तिच्यावर दुसरे कण सोडले जातात आणि ते कोणत्या कोनात किती प्रमाणात विखुरतात, याची नोंद घेतली जाते. लक्ष्य बिंदूरूप असेल तर विखुरण्याचे प्रमाण एका ठरावीक सूत्राप्रमाणे येते. लक्ष्य पसरलेले असेल तर त्या सूत्रापासून फरक पडतो. हा फरक दर्शवणाऱ्या गुणकाला आकारगुणक म्हणतात.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी १९५० च्या दशकात प्रोटॉनवर वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्याचे विद्युतचुंबकीय आकारगुणक मोजले. प्रोटॉन हा बिंदू नसून त्याला निश्चित आकारमान आहे, हे त्यावरून सिद्ध झाले. हॉफस्टॅटर यांना १९६१ सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

आकारगुणकाचे मूल्य टकरीत किती संवेगाची देवाणघेवाण झाली यावर अवलंबून असते. संवेगविनिमय मोठा असेल तर वस्तूचे बारीक तपशील समोर येतात. संवेगविनिमय लहान असेल तर वस्तू दुरून पाहिल्यासारखी दिसते आणि तिचे एकूण गुणधर्म कळतात. संवेगविनिमय शून्याजवळ आला की विद्युत आकारगुणक एकूण प्रभार सांगतो, तर चुंबकीय आकारगुणक एकूण चुंबकीय आघूर्ण सांगतो.

विद्युतचुंबकीय आकारगुणक प्रभार आणि चुंबकत्व यांची विभागणी दाखवतात. गुरुत्वीय आकारगुणक ऊर्जा, संवेग, कोनीय संवेग, दाब आणि ताण यांची विभागणी दाखवतात. या सर्व राशी ज्या एका गणिती रचनेत एकत्र मांडल्या जातात तिला ऊर्जा-संवेग प्रदिश असे नाव आहे. आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतात गुरुत्वाकर्षणाचे उगमस्थान हाच प्रदिश असतो. या गुणकांना गुरुत्वीय हे विशेषण त्यामुळेच मिळाले आहे.

बन्नीमंटपपर्यंतची अंबारी

या प्रश्नाचे स्वरूप समजण्यासाठी म्हैसूरच्या दसऱ्याचे उदाहरण घेता येईल. विजयादशमीला निघणारी हत्तींची मिरवणूक राजवाड्यापासून सुमारे पाच किलोमीटर अंतर चालून बन्नीमंटप येथे पोहोचते. कन्नड भाषेत बन्नी म्हणजे शमीचा वृक्ष. महाराष्ट्रातील सीमोल्लंघनाप्रमाणेच तेथेही या दिवशी शमीला मान असतो. मिरवणुकीतील मुख्य हत्तीच्या पाठीवर सुमारे ७५० किलोग्रॅम वजनाची सोन्याची अंबारी असते आणि तिच्यात चामुंडेश्वरी देवीची मूर्ती विराजमान असते. दसऱ्यापूर्वी या हत्तींचे वजन काट्यावर केले जाते आणि वाळूची पोती पाठीवर देऊन त्यांच्याकडून सराव करून घेतला जातो.

अंबारीसह हत्ती काट्यावर उभा केला तर काटा एकच आकडा दाखवील. त्यातील हत्तीचे किती आणि अंबारीचे किती, हे समजण्यासाठी अंबारी उतरवून पुन्हा वजन करावे लागेल. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत ही सोय नाही. त्याचे विद्युतक्षेत्र ही अशी अंबारी आहे की ती कधीच उतरवता येत नाही. इलेक्ट्रॉनचे मोजलेले वस्तुमान ९.१०९ गुणिले १० चा उणे ३१ वा घात इतके किलोग्रॅम आहे. हा आकडा क्षेत्रासहित असलेल्या इलेक्ट्रॉनचा आहे. क्षेत्राविना असलेला इलेक्ट्रॉन कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाही.

क्षेत्राच्या वाट्याचा काही अंदाज मात्र साध्या गणिताने करता येतो. इलेक्ट्रॉनपासून ३८६ फेम्टोमीटर अंतराबाहेरील सर्व विद्युतक्षेत्राची ऊर्जा एकत्र केली तर ती इलेक्ट्रॉनच्या एकूण ऊर्जेच्या सुमारे ०.३६ टक्के भरते. एक फेम्टोमीटर म्हणजे एका मीटरचा एकावर पंधरा शून्ये इतकावा भाग होय. हायड्रोजन अणूच्या त्रिज्येएवढ्या, म्हणजे ५२,९०० फेम्टोमीटर अंतराबाहेर हा वाटा एक लाखात सुमारे २.७ भाग इतका उरतो.

आत जावे तसा हा वाटा वाढत जातो आणि जुन्या अभिजात सिद्धांतानुसार बिंदूपाशी तो अनंत होतो. सुमारे १.४ फेम्टोमीटर अंतरापर्यंत पोहोचतानाच क्षेत्राची ऊर्जा इलेक्ट्रॉनच्या संपूर्ण ऊर्जेइतकी होते. पुंज सिद्धांतात ही वाढ पुष्कळच मंदावते, असे व्हिक्टर वाइसकॉफ यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिले. मात्र ती पूर्णपणे नाहीशी होत नाही. उरलेली अनंते पुनर्प्रसामान्यीकरणाच्या पद्धतीने मोजलेल्या वस्तुमानात सामावून घेतली जातात.

गुरुत्वाकर्षण मोजल्याविना गुरुत्वीय गुणक

दोन इलेक्ट्रॉनांमधील विद्युत प्रतिकर्षण त्यांच्यातील गुरुत्वाकर्षणाच्या तुलनेत सुमारे चारावर ४२ शून्ये इतक्या पटींनी मोठे असते. त्यामुळे एका इलेक्ट्रॉनचे गुरुत्वाकर्षण मोजून त्याच्या आतील ऊर्जेची विभागणी समजून घेणे व्यवहारात शक्य नाही.

मुक्त इलेक्ट्रॉनचे वजन मोजण्याचा प्रयत्न मात्र झाला आहे. स्टॅनफर्ड येथे फ्रेड विटबॉर्न आणि विल्यम फेअरबँक यांनी १९६७ साली तांब्याच्या उभ्या नळीतून इलेक्ट्रॉन सोडून हा प्रयोग केला. नळीतील इलेक्ट्रॉनांवर त्यांच्या वजनाच्या ९ टक्क्यांपेक्षाही कमी निव्वळ बल असल्याचे त्यांना आढळले. धातूतील इलेक्ट्रॉन स्वतःच्या वजनाने किंचित खाली झुकतात आणि त्यातून निर्माण होणारे विद्युतक्षेत्र नळीतील इलेक्ट्रॉनचे वजन तोलून धरते, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. प्रभारित कणाच्या बाबतीत विद्युत परिणाम गुरुत्वाकर्षणाला किती सहज झाकून टाकतात, हे या प्रयोगावरून दिसते. जिनिव्हाजवळील सर्न संस्थेतील आल्फा गटाने २०२३ साली प्रतिहायड्रोजन खालीच पडतो हे दाखवले. त्यासाठी प्रभारहीन अणू निवडला जाण्याचे एक कारण हेच होते.

ऊर्जा-संवेग प्रदिशाची माहिती गुरुत्वाकर्षणाचा प्रत्यक्ष आधार न घेताही मिळवता येते. प्रोटॉनवर एक फोटॉन आदळून दुसरा फोटॉन बाहेर पडतो अशा विशिष्ट प्रक्रियांमध्ये दोन फोटॉनांचा एकत्रित परिणाम काही अंशी गुरुत्वाकर्षणाच्या कणासारखा असतो. त्यामुळे प्रोटॉनच्या गुणकांकडे प्रयोगाचा अप्रत्यक्ष मार्ग खुला होतो. इलेक्ट्रॉनसाठी प्रयोगाऐवजी गणिताचा मार्ग उपलब्ध आहे. पुंज विद्युतगतिकीत परस्परक्रियेची तीव्रता सुमारे १ भागिले १३७ इतकी लहान असल्याने पायरीपायरीने आकडेमोड करता येते. प्रोटॉनच्या आत कार्यरत असणाऱ्या तीव्र बलाच्या बाबतीत असे थेट गणित करणे अत्यंत अवघड आहे.

दोन गुणक, दोन नियम

इलेक्ट्रॉनसारख्या अर्धस्पिन कणाला तीन मुख्य गुरुत्वीय आकारगुणक असतात. त्यांना ए, बी आणि डी अशी नावे आहेत.

पहिला गुणक ए हा संवेगाची आणि पर्यायाने वस्तुमानाची विभागणी दाखवतो. संवेगविनिमय शून्य असताना त्याचे मूल्य बरोबर १ असते. इलेक्ट्रॉन आणि त्याच्यासोबतचे फोटॉन यांच्या वाट्यांची बेरीज पूर्ण संवेगाइतकी झालीच पाहिजे, एवढाच याचा अर्थ आहे. संवेग अक्षय्यतेचा नियम तसे बंधन घालतो.

दुसरा गुणक बी हा अधिक उद्‌बोधक आहे. त्याची तुलना इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय आघूर्णाशी करता येते. इलेक्ट्रॉनचे चुंबकीय आघूर्ण डिरॅक यांच्या समीकरणातून येणाऱ्या मूल्यापेक्षा किंचित जास्त असते. ज्युलियन श्विंगर यांनी १९४८ साली या वाढीचे पहिले गणित केले आणि ती सुमारे ०.००११६ येते हे दाखवले. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील गटाने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या मापनानुसार डिरॅक मूल्याशी असलेले हे गुणोत्तर १.००११५९६५२१८०५९ इतके आहे. सिद्धांत आणि प्रयोग यांचा इतका सूक्ष्म मेळ विज्ञानात क्वचितच आढळतो.

गुरुत्वाकर्षणाच्या बाबतीत अशी वाढ होते का, हा प्रश्न साहजिकच पुढे येतो. सोव्हिएत संघातील शास्त्रज्ञ इगोर कोबझारेव आणि लेव ओकुन यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी त्याचे उत्तर नकारार्थी दिले. संवेगविनिमय शून्य असताना बी गुणकाचे मूल्य शून्यच असले पाहिजे, असे त्यांनी दाखवले. गुरुत्वाकर्षण सर्व वस्तूंवर सारखेच कार्य करते, या समतुल्यतेच्या तत्त्वाशी हा निष्कर्ष निगडित आहे.

इलेक्ट्रॉनच्या गणितात हा नियम प्रत्यक्ष उतरलेला दिसतो. स्टॅनली ब्रॉडस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एक फोटॉन सोबत असलेल्या इलेक्ट्रॉनसाठी हा हिशेब मांडला. बी गुणकात इलेक्ट्रॉनचा वाटा अधिक ०.०००७७ इतका येतो, तर फोटॉनचा वाटा उणे ०.०००७७ इतका येतो. दोन्हींची बेरीज शून्य होते. चुंबकीय आघूर्णात अशी वजावट होत नाही, कारण फोटॉनला प्रभार नसतो आणि तो त्या हिशेबात थेट धरला जात नाही. गुरुत्वाकर्षण मात्र प्रभार पाहत नाही. त्याच्या खतावणीत प्रकाशाचीही नोंद होते आणि ती नोंद धरल्यावरच हिशेब जुळतो.

तिसरा गुणक आणि मशालींचा प्रकाश

तिसरा गुणक डी हा दाब आणि ताण यांच्याशी संबंधित आहे. रशियन वंशाचे शास्त्रज्ञ मॅक्सिम पोल्याकोव यांनी २००३ साली डी गुणक आणि कणाच्या अंतर्भागातील दाब यांचा संबंध स्पष्ट केला. वस्तुमान आणि स्पिन यांच्याप्रमाणेच डी हाही कणाचा मूलभूत गुणधर्म आहे. मात्र त्याचे मूल्य कोणत्याही अक्षय्यतेच्या नियमाने ठरत नाही. ते केवळ कणाच्या आतील आणि सभोवतीच्या परस्परक्रियांवर अवलंबून असते. कोणतीही परस्परक्रिया नसलेल्या अर्धस्पिन कणासाठी डी गुणक शून्य असतो, असे जोनाथन हडसन आणि पीटर श्वाइत्झर यांनी २०१८ साली दाखवले. म्हणजेच इलेक्ट्रॉनचा डी गुणक जो काही आहे तो संपूर्णपणे त्याच्या विद्युतक्षेत्राची देणगी आहे.

या गुणकाचे पुंज विद्युतगतिकीतील गणित आंद्रेयास मेट्झ, बार्बरा पास्क्विनी आणि सिमोने रोदिनी यांनी २०२१ साली प्रसिद्ध केले. संवेगविनिमय शून्याकडे नेला असता डी गुणक कोणत्याही निश्चित आकड्यावर थांबत नाही, असे त्यात दिसून आले. संवेगविनिमय निम्मा केला की त्यातील प्रमुख पद दुप्पट होते आणि ही वाढ कोठेही संपत नाही.

याचे कारण बन्नीमंटपच्या मैदानावरच सापडते. दसऱ्याच्या मिरवणुकीनंतर रात्री तेथे मशालींचे संचलन होते. मशालीपासून दुप्पट अंतरावर गेल्यास प्रकाश चौपट मंद होतो. मात्र मशालीभोवती दुप्पट त्रिज्येचा गोल कल्पिला तर त्याचे पृष्ठफळ चौपट असते. त्यामुळे लहान गोलातून जेवढा प्रकाश बाहेर पडतो तेवढाच मोठ्या गोलातूनही पडतो. अंतराने होणारी घट आणि पृष्ठफळाने होणारी वाढ एकमेकींना बरोबर भरून काढतात.

इलेक्ट्रॉनच्या डी गुणकात नेमका असाच प्रकार घडतो. विद्युतक्षेत्रातील दाब अंतराच्या चौथ्या घाताने कमी होतो. अंतर दुप्पट झाले की दाब सोळाव्या भागावर येतो. परंतु डी गुणकाचा हिशेब करताना प्रत्येक ठिकाणच्या दाबाला अंतराच्या वर्गाने गुणावे लागते आणि प्रत्येक थराचे पृष्ठफळही अंतराच्या वर्गाने वाढते. चौपट गुणिले चौपट म्हणजे सोळापट. घट आणि वाढ पुन्हा बरोबरीत सुटतात. परिणामी जवळचा थर असो वा लांबचा, सारख्या जाडीचा प्रत्येक थर बेरजेत सारखीच भर घालतो. थरांना अंत नसल्याने बेरजेलाही अंत राहत नाही.

एकूण ऊर्जेच्या बाबतीत असे होत नाही. तिथे दाबाइतक्याच वेगाने घटणारी ऊर्जा-घनता केवळ पृष्ठफळाने गुणली जाते. त्यामुळे दूरच्या थरांचा वाटा झपाट्याने कमी होतो आणि हायड्रोजन अणूच्या त्रिज्येबाहेर एक लाखात केवळ २.७ भाग उरतात. एकाच क्षेत्राविषयी विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यामुळे इतकी भिन्न येतात.

दोष की वस्तुस्थिती?

गणितात अनंत आले की सिद्धांतात काही चुकले असावे, अशी शंका घेतली जाते. या प्रकरणात मात्र तसे म्हणता येत नाही. जॉन डॉनह्यू, बॅरी होल्स्टाइन, ब्योर्न गार्ब्रेख्ट आणि थॉमस कॉन्स्टांडिन यांनी २००२ साली प्रभारित कणांच्या गुरुत्वीय आकारगुणकांतील हीच पदे तपासली. ही पदे व्यापक सापेक्षता सिद्धांतातील एका जुन्या उत्तराशी जुळतात, असे त्यांना आढळले. प्रभारित वस्तूच्या सभोवतीच्या अवकाशकालाचे वर्णन हान्स राइसनर यांनी १९१६ साली आणि गुन्नार नॉर्डस्ट्रॉम यांनी १९१८ साली दिले होते. वस्तूच्या विद्युतक्षेत्रालाही स्वतःचे गुरुत्वाकर्षण असते, हे त्या वर्णनात अंतर्भूत आहे. पुंज सिद्धांतातील आकडेमोडीतून तोच अभिजात परिणाम पुन्हा हाती आला.

डी गुणकाचे अनंत म्हणजे विद्युतक्षेत्राला कोठेही सीमा नाही, या वस्तुस्थितीची गणिताने घेतलेली प्रामाणिक नोंद आहे. फोटॉनला वस्तुमान नाही म्हणून क्षेत्र अमर्याद पसरते. गणितापुरते फोटॉनला अत्यल्प वस्तुमान दिले तर क्षेत्र एका अंतरानंतर झपाट्याने विरते आणि डी गुणक मर्यादित राहतो. हायड्रोजनसारख्या प्रभारहीन अणूत इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांची क्षेत्रे बाहेर एकमेकांना जवळपास रद्द करतात. शियांगडोंग जी आणि यिझुआंग लिउ यांनी २०२२ साली हायड्रोजन अणूसाठी केलेल्या गणितात या राशीचे मूल्य मर्यादितच येते.

आणखी एक बाब लक्षणीय आहे. मायकेल फॅरडे यांनी विद्युत बलरेषा ताणलेल्या दोऱ्यांप्रमाणे असल्याची कल्पना मांडली होती आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी तिला गणिती रूप दिले. बलरेषेच्या दिशेने ताण आणि तिच्या आडव्या दिशेने दाब, असे हे चित्र आहे. इलेक्ट्रॉनच्या गुरुत्वीय आकारगुणकांतून दूरच्या अंतरावर जे चित्र मिळते ते नेमके हेच आहे. एकोणिसाव्या शतकातील कल्पना आणि एकविसाव्या शतकातील गणित यांची येथे गाठ पडते.

भारतीय संशोधकांचा सहभाग

पुंज विद्युतगतिकीच्या जडणघडणीत भारतीयांचा वाटा जुना आहे. होमी भाभा यांनी १९३६ साली इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या विखुरणाचे गणित प्रसिद्ध केले. ही प्रक्रिया आज भाभा विखुरण म्हणून ओळखली जाते आणि कण आदळवणाऱ्या यंत्रांमधील टकरींचे प्रमाण मोजण्यासाठी तिचा उपयोग होतो. भाभांनी १९४५ साली स्थापन केलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था पुढे मुंबईत देशातील या क्षेत्रातील संशोधनाचे प्रमुख केंद्र बनली.

ऊर्जा-संवेग प्रदिशाच्या अभ्यासात सतीश जोगळेकर यांचे नाव महत्त्वाचे आहे. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत त्यांनी दीर्घकाळ अध्यापन आणि संशोधन केले. बेंजामिन ली यांच्यासमवेत १९७६ साली त्यांनी अशा राशींच्या पुनर्प्रसामान्यीकरणाचा सर्वसाधारण सिद्धांत मांडला. जॉन कॉलिन्स आणि अँथनी डंकन यांच्यासमवेत १९७७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा शोधनिबंध आजही या विषयातील आधारभूत कामांत गणला जातो. अभिजात सिद्धांतानुसार विद्युतचुंबकीय क्षेत्राच्या ऊर्जा-संवेग प्रदिशातील कर्णरेषेवरील घटकांची विशिष्ट बेरीज शून्य येते. पुंज सिद्धांतात मात्र ती शून्य राहत नाही. या विसंगतीचे नेमके रूप या काळातील शोधनिबंधांनी निश्चित केले. वस्तुमानाचा किती वाटा क्षेत्राकडे जातो, हे ठरवताना तिचा विचार करावाच लागतो.

मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अस्मिता मुखर्जी आणि त्यांचे सहकारी गुरुत्वीय आकारगुणकांवर संशोधन करीत आले आहेत. ब्रॉडस्की, दीपंकर चक्रवर्ती, ए. हरिंद्रनाथ आणि जेम्स व्हेरी यांच्यासमवेत त्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या कामात इलेक्ट्रॉन आणि फोटॉन यांची जोडी ही संयुक्त कणाची प्रतिकृती म्हणून वापरण्यात आली होती. इलेक्ट्रॉनचे अचूक गणित हाती असल्याने प्रोटॉनसारख्या गुंतागुंतीच्या कणासाठी वापरायच्या पद्धती त्यावर तपासून घेता येतात, हे त्यामागील सूत्र होते.

याच धर्तीवर जय मोरे, अस्मिता मुखर्जी, श्रीराज नायर आणि सुदीप साहा यांनी एका ग्लुऑनसह असलेल्या क्वार्कचा अभ्यास केला. फोटॉनच्या जागी ग्लुऑन आणि इलेक्ट्रॉनच्या जागी क्वार्क, अशी ही मांडणी आहे. गुणकांमधील क्वार्कच्या वाट्याचे गणित २०२२ साली आणि ग्लुऑनच्या वाट्याचे गणित २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यासाठी डिरॅक यांनी १९४९ साली सुचवलेली प्रकाशाग्र पद्धती वापरण्यात आली. इलेक्ट्रॉनच्या सर्व गुरुत्वीय आकारगुणकांचे, इलेक्ट्रॉन आणि फोटॉन यांचे वाटे वेगळे दाखवणारे गणित अ‍ॅडम फ्रीझ, मेट्झ, पास्क्विनी आणि रोदिनी यांनी २०२३ साली प्रसिद्ध केले.

प्रोटॉनसाठी याचा अर्थ

इलेक्ट्रॉनच्या या गणिताचा मोठा उपयोग प्रोटॉनच्या अभ्यासात आहे. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील जेफरसन प्रयोगशाळेतील फोल्कर बुर्कर्ट, लतिफा एलुआद्रिरी आणि फ्रान्स्वा-झाविए जिरो यांनी २०१८ साली प्रोटॉनच्या अंतर्भागातील दाबाचा अंदाज प्रसिद्ध केला. केंद्राजवळ बाहेरच्या दिशेने सुमारे १० चा ३५ वा घात इतके पास्कल दाब आणि सुमारे ०.६ फेम्टोमीटरपलीकडे आतल्या दिशेने दाब, असे चित्र त्यांनी मांडले. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या अंतर्भागातील अंदाजित दाबापेक्षाही तो अधिक आहे.

या निष्कर्षावर मतभेदही व्यक्त झाले. गणितातील काही गृहीतके शिथिल केल्यास त्याच प्रयोगाच्या माहितीवरून दाबाविषयी ठाम विधान करता येत नाही, असे क्रोएशियाचे क्रेशिमिर कुमेरिच्की यांनी २०१९ साली दाखवले. त्यानंतर २०२३ साली जेफरसन प्रयोगशाळेतील दुसऱ्या गटाने प्रोटॉनमधील ग्लुऑनांच्या वाट्याची मोजमापे प्रसिद्ध केली.

प्रोटॉनलाही विद्युतप्रभार आहे, ही बाब या चर्चेत महत्त्वाची ठरते. तीव्र बल प्रोटॉनच्या आतच सीमित असते, पण त्याचे विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनच्या क्षेत्राप्रमाणेच दूरवर पसरते. मीरा वर्मा आणि श्वाइत्झर यांनी २०२० साली एका अभिजात प्रतिकृतीच्या आधारे याचा परिणाम तपासला. अत्यंत लहान संवेगविनिमयाच्या टापूत प्रोटॉनचा डी गुणकही वळण घेतो आणि अनंताकडे जातो, असे त्यांना आढळले. सध्याचे प्रयोग या टापूपर्यंत पोहोचत नाहीत. मात्र मोजलेल्या आकड्यांवरून शून्य संवेगविनिमयाचे मूल्य काढताना कोणता भाग तीव्र बलाचा आणि कोणता विद्युतक्षेत्राचा, हे स्पष्ट करणे आवश्यक ठरते. प्रोटॉनच्या दाबाचा एकच आकडा सांगताना त्यातून काय वगळले आहे, हेही सांगावे लागते.

ज्याचे उत्तर पूर्णपणे तपासता येते असा कण म्हणून इलेक्ट्रॉनची उपयुक्तता येथे दिसून येते. हिशेबाची पद्धत इलेक्ट्रॉनवर बरोबर ठरली तरच ती प्रोटॉनवर विश्वासाने वापरता येते.

पुढील वाटचाल

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन-आयन कोलायडर हे यंत्र उभारण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला आहे. प्रोटॉन आणि अणुकेंद्रकांतील वस्तुमान, स्पिन आणि दाब यांची विभागणी समजून घेणे हा त्याच्या प्रमुख उद्दिष्टांपैकी एक आहे. या प्रकल्पाच्या आंतरराष्ट्रीय संशोधक समूहात भारतीय संस्थाही सहभागी आहेत. या यंत्राकडून येणाऱ्या माहितीचा अर्थ लावताना इलेक्ट्रॉनसाठी केलेल्या गणिताची मदत होणार आहे.

एखाद्या कणाचे वस्तुमान हा आता केवळ पुस्तकाच्या कोष्टकातील एक आकडा राहिलेला नाही. त्या आकड्यामागे कण आणि क्षेत्र यांच्यातील वाटणी आहे. ती वाटणी संवेग आणि स्पिन यांच्या बाबतीत काटेकोरपणे जुळते, तर दाबाच्या बाबतीत क्षेत्राच्या अमर्याद विस्ताराची साक्ष देते. म्हैसूरचा हत्ती बन्नीमंटपला पोहोचल्यावर त्याच्या पाठीवरील अंबारी उतरवली जाते. इलेक्ट्रॉनची अंबारी उतरत नाही, म्हणून तिचे वजन तिच्यासहच समजून घ्यावे लागते.